विषाचा पत्ता
सर्पविष-संशोधनाची झाडीपट्टीतून केलेली समीक्षा

भारतात सर्पदंशाने दर वर्षी किती माणसे मरतात, या साध्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळायला २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीने २००५ या एकाच वर्षातले मृत्यू सुमारे ४५,९०० असल्याचे दाखवले. २०२० मध्ये त्याच पाहणीवर आधारलेल्या पुढच्या निबंधात २००० ते २०१९ या वीस वर्षांचा आकडा सुमारे १२ लाख निघाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि जवळजवळ सगळे खेड्यांतले. धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात हेच चार महिने पऱ्हे टाकण्याचे, चिखलणीचे, रोवणीचे आणि निंदणाचे. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या पायाशी, धुऱ्याच्या गवतात घोणस असू शकते. आणि रात्री भुईवर निजलेल्या तिच्या लेकराच्या अंथरुणात मण्यार.

हा लेख सापांविषयी नाही, दंशावरच्या उपचारांविषयीही नाही. सापाच्या विषावर जे संशोधन झाले, त्याचे जे निबंध लिहिले गेले, त्यांच्या वाचनाविषयी आहे. मी प्रयोगशाळेत घडलेला माणूस नाही. विज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. पण शोधनिबंध हाही शेवटी एक मजकूर असतो. त्यात काय सिद्ध केले आहे, काय गृहीत धरले आहे आणि काय न सांगता राहून गेले आहे, हे चिकाटीने वाचणाऱ्या कोणालाही तपासता येते. असे वाचत गेल्यावर माझ्यापुरता जो निष्कर्ष निघाला तो असा: विषाला पत्ता असतो. ते कोणत्या जातीच्या, कोणत्या मुलखातल्या, कोणत्या वयाच्या सापाचे आहे यावर त्याचा गुण ठरतो. हे शास्त्राला फार पूर्वी उमगू लागले होते. तरीही सापाच्या दातापासून औषधाच्या कुपीपर्यंतच्या प्रवासात तो पत्ता पुसला गेला. तो पुन्हा लिहिणे हे आजच्या संशोधनाचे खरे काम आहे.

परळचा धडा

प्रतिविषाची कल्पना १८९० च्या दशकातली. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सायगावमध्ये नागाच्या विषावर काम सुरू केले. प्राण्याला विषाची अगदी अल्प मात्रा वाढवत वाढवत देत गेले, तर त्याच्या रक्तात ते विष निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते, हे त्यांनी आणि त्यांच्या समकालीनांनी दाखवले. घोड्याच्या रक्तातून काढलेले असे द्रव्य १८९५ च्या सुमारास माणसांवर वापरले जाऊ लागले. काल्मेत यांना आपले प्रतिविष सगळ्याच सापांवर चालेल असे वाटत होते. नागावर चालले, मग इतरांवर का चालू नये?

का चालत नाही, याचे उत्तर शोधणाऱ्यांत मुंबईतल्या परळची प्रयोगशाळा होती. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी उभारलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लॅम या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नाग आणि घोणस यांची विषे शेजारी शेजारी ठेवून तपासली. नागाचे विष मुख्यतः नसांवर चालते, घोणशीचे रक्तावर. आणि नागासाठी केलेले प्रतिविष घोणशीच्या विषाला आवरत नाही, हे त्यांनी दाखवले. साधारण त्याच सुमारास ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथे व्हितल ब्राझील हेही तिकडच्या सापांवर काम करून अशाच निष्कर्षाला आले होते.

या कामाचे महत्त्व पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरते नाही. ‘सर्पविष’ नावाची एकच वस्तू नसते, हे त्यातून ठरले. लॅम यांच्यापुढचा प्रश्न दोन जातींमधल्या फरकाचा होता. एकाच जातीच्या दोन मुलखांतल्या सापांत फरक असतो का, हा प्रश्न त्यांच्या तर्काच्या पुढच्याच पायरीवर उभा होता. त्या पायरीवर आपल्या देशात नेटाने पाऊल पडायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात परळची संस्था थांबली नव्हती. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले, १९४० मध्ये तिथे प्रतिविषाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि पुढे चार सापांवर एकत्र चालणारे बहुगुणी प्रतिविष तिथून देशभर गेले. या कामाने असंख्य जीव वाचवले. पण उत्पादन सुरू झाले आणि प्रश्न विचारणे मंदावले, असे त्या इतिहासाकडे पाहताना वाटत राहते.

चारांची चौकट

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मराठी शाळांच्या भिंतींवर, आरोग्य केंद्रांच्या फलकांवर, सर्पमित्रांच्या व्याख्यानांत हे चार विषारी साप पाठ करून घेतले जातात. भारतात मिळणारे प्रतिविष या चौघांच्याच विषापासून बनते. चौकट सोयीची आहे, आणि देशातले बहुसंख्य जीवघेणे दंश या चौघांचेच असल्याने ती निराधारही नाही. पण सोयीची चौकट पुढे शास्त्रीय सत्यासारखी वागवली गेली. या ‘चार मोठ्यां’ची संकल्पना आता उपयुक्त राहिली आहे का, असा प्रश्न इयान सिम्प्सन आणि रॉबर्ट नॉरिस यांनी २००७ मध्ये एका निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातला नाकाड्या चापडा चौकटीबाहेर राहतो. पूर्व विदर्भाच्या जंगलांतला पट्टेरी मण्यारही राहतो.

चौकटीतल्या चार नावांपेक्षा तिच्यातली आकडेमोड अधिक बोलकी आहे. भारतीय प्रतिविषाच्या प्रमाणानुसार एक मिलिलिटर द्रव नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६, मण्यारचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. कुपी दहा मिलिलिटरची. म्हणजे एका कुपीत घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष आवरण्याची ताकद. आता एका दंशात घोणस किती विष सोडते? २००७ च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत दिलेला आकडा सरासरी ६३ मिलिग्रॅम, कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १४७. त्रेसष्टला सहाने भागले की साधारण दहा कुप्या, एकशे सत्तेचाळीसला भागले की पंचवीस. डॉक्टर सुरुवातीला दहा कुप्या का लावतात, त्याचे उत्तर या भागाकारात आहे.

हा ६३ चा आकडा आला कुठून? म्यानमारमधल्या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापातून. मोजमाप चांगले होते आणि त्या काळी दुसरे हाताशी नव्हते. पण ती घोणस म्यानमारची होती. शिवाय २००७ मध्येच, ज्या वर्षी आपली उपचारपद्धती ठरली त्याच वर्षी, वर्गीकरणाच्या अभ्यासकांनी म्यानमारकडची घोणस ही भारतीय घोणशीहून वेगळी जात असल्याचे मांडले आणि आज ती तशी मानली जाते. म्हणजे तिरोड्याच्या किंवा अर्जुनी-मोरगावच्या बांधीत दंश झालेल्या माणसाच्या पहिल्या मात्रेचा हिशेब परदेशातल्या, आता वेगळ्या ठरलेल्या सापावरून आलेला आहे. यात उपचार चुकतो असे मला म्हणायचे नाही. डॉक्टर रक्त गोठते का ते पाहतात, न गोठल्यास काही तासांनी पुन्हा मात्रा देतात. खाटेवरचा रुग्ण आकड्याची चूक सुधारून घेतो. मुद्दा संशोधनाचा आहे. जो आकडा इतक्या जणांच्या शिरेत जातो, तो आपल्या सापांवर नव्याने मोजून पाहण्याची निकड इतकी वर्षे आपल्याला भासली नाही.

दुसरा पत्ता विषाच्या पुरवठ्याचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतर सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाला आणि तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका गेली. रोम्युलस व्हिटेकर आणि इरुळा सापपकड्यांनी मिळून १९७८ मध्ये चेन्नईजवळ सहकारी संस्था उभी केली. साप पकडायचा, काही आठवडे मडक्यात ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचे, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि पुन्हा रानात सोडायचा, ही तिची पद्धत. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष याच संस्थेतून येत राहिले. मासी सडैयान आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळा सापपकड्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती रास्तच होती. त्यांनी आपल्या मुलखातले साप पकडले. दुसरीकडचे त्यांनी पकडावेत अशी अपेक्षाच कोणी केली नव्हती. चूक देशाची, की त्याने एका किनाऱ्यावरच्या विषाला ‘भारतीय विष’ असे नाव दिले.

त्यात एक विरोधाभासही आहे. विषावरचे मूलभूत संशोधन या काळात मागे नव्हते. तैवानमध्ये १९६३ मध्ये तिथल्या मण्यारच्या विषातून वेगळ्या केलेल्या एका घटकाने नस आणि स्नायू यांच्या जोडावरचे ग्राहक ओळखायला मदत केली. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल आले, ते १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. विष हे शरीरशास्त्राची कुलपे उघडणारी किल्ली ठरले. पण ज्याला साप चावतो त्याच्यासाठीचे औषध मात्र मुळात काल्मेत यांच्याच काळातले राहिले: घोड्याला विष टोचायचे आणि त्याचे रक्त घ्यायचे. शुद्धीकरण सुधारले, कोरडी भुकटी करून साठवणे जमले, कल्पना तीच.

नवे निबंध, जुने प्रश्न

गेल्या काही वर्षांत चित्र बदलू लागले आहे. याचे श्रेय मोठ्या प्रमाणात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. २०१९ मध्ये त्यांचा चौकटीबाहेरच्या सापांवरचा निबंध आला. एकनेत्री नाग, पट्टेरी मण्यार, सिंधी मण्यार अशा दुर्लक्षित सापांच्या विषावर बाजारातले प्रतिविष किती चालते, हे त्यात तपासले होते. उत्तर निराशाजनक होते. २०२१ मध्ये नागावरचा आणि घोणशीवरचा असे दोन निबंध आले. देशाच्या वेगवेगळ्या भूभागांतल्या एकाच जातीच्या सापांचे विष घटकांनी आणि परिणामांनी वेगळे असते आणि त्यामुळे एकच प्रतिविष सगळीकडे सारखे पुरे पडत नाही, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. २०२५ मध्ये याच गटाने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचे नमुने तपासून स्थानिक तापमान आणि पाऊसमान यांचा विषाच्या गुणांशी संबंध जोडला. कोरड्या प्रदेशातल्या घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांची क्रिया अधिक दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे.

ही कामगिरी मोठी आहे. लॅम यांच्या पुढची पायरी अखेर चढली गेली. पण मोठ्या कामाचे वाचनही तितकेच बारकाईने व्हायला हवे. मला त्यात तीन जागा अडतात.

पहिली, प्रयोगाची पद्धत. प्रतिविषाची ताकद मोजताना विष आणि प्रतिविष आधी एकत्र मिसळून, काही वेळ ठेवून मग ते मिश्रण उंदराला टोचले जाते. ही जगभरची मान्य रीत आहे, तुलनेसाठी ती लागतेही. पण खऱ्या दंशात विष आधी जाते आणि प्रतिविष तासातासांनी पोचते. मण्यारचे उदाहरण घ्या. तिच्या विषातले काही घटक नसांची टोके आतून बिघडवतात. एकदा ती बिघडली की रक्तातले प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही. नस स्वतः सावरेपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. प्रयोगशाळेतल्या नळीत उत्तम ठरलेले प्रतिविषही पहाटे पोट दुखते म्हणून उठलेल्या, पापण्या मिटत चाललेल्या मुलासाठी उशिराचे ठरू शकते. उलटही खरे. उंदरावर अपुरे ठरलेले प्रतिविष माणसावर अधिक मात्रेत काम करू शकते. उंदरापासून माणसापर्यंतचे हे अंतर निबंधांच्या शीर्षकांत दिसत नाही. शीर्षकात असतो तो ‘अपयश’ हा शब्द.

दुसरी जागा दुर्मीळतेच्या आकर्षणाची. पट्टेरी मण्यार दिसायला भव्य, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, स्वभावाने शांत साप. त्याचे दंश विरळा. त्याच्यावर प्रतिविष चालत नाही ही बातमी मोठी होते. त्यापेक्षा आपल्या बांधीतल्या साध्या घोणशीचे विष तामिळनाडूच्या घोणशीहून किती वेगळे आहे, ही माहिती कितीतरी अधिक माणसांच्या उपयोगाची. चौकटीबाहेरच्या सापांइतकेच चौकटीच्या आतले वेगळेपण महत्त्वाचे, हे २०२१ च्या दोन निबंधांचे खरे मोल. चर्चा मात्र पहिल्याचीच अधिक झाली.

तिसरी जागा ‘महाराष्ट्र’ या शब्दाची. सर्पविषाच्या लेखनात नमुन्यापुढे पुष्कळदा राज्याचे नाव येते. पण २०२५ चा निबंध पाऊसमानावर बोट ठेवत असेल, तर महाराष्ट्र हा एक पत्ता कसा होईल? कोकणात जांभ्याचा कातळ आणि धो धो पाऊस. सोलापूरकडे माळरान, पाऊस तुटपुंजा. गोंदियात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, साल-सागाचे आणि बांबूचे रान, मालगुजारांच्या काळातले तलाव आणि मैलोगणती पाण्याने भरलेल्या बांध्या. निसर्गाच्या हिशेबात गोंदिया सोलापूरपेक्षा बालाघाट आणि राजनांदगावला अधिक जवळचा. संशोधकांचा स्वतःचा निष्कर्ष खरा मानायचा, तर नमुन्याचा पत्ता तालुक्यापर्यंत लिहिला पाहिजे, आणि राज्यागणिक सरासरी काढणे सोडले पाहिजे.

मोजणीतली पोकळी

राज्यागणिक सरासरीचा तोटा मृत्यूंच्या मोजणीतही दिसतो. २०२० च्या निबंधाने बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, तेलंगणासह आंध्र, राजस्थान आणि गुजरात या राज्यांत देशातले सुमारे ७० टक्के मृत्यू होतात असे सांगितले. यादीत महाराष्ट्र नाही. पण यादीतल्या मध्य प्रदेशाची सीमा गोंदिया शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वाघनदीच्या अलीकडे आणि पलीकडे साप तेच, धान तेच, रोवणीही तीच. कागदावर मात्र एका काठाला जोखमीचे राज्य आहे आणि दुसऱ्या काठाला नाही.

या पाहणीची पद्धत मात्र दाद देण्याजोगी आहे. ती रुग्णालयाच्या नोंदींवर अवलंबून राहिली नाही. प्रशिक्षित माणसे घरोघरी गेली, मृत्यू कसा झाला ते घरच्यांकडून ऐकून लिहून घेतले आणि दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवले. २०११ च्या निबंधानुसार सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी जेमतेम २३ टक्के रुग्णालयात झाले होते. बाकीचे घरी, वाटेत, मांत्रिकाच्या अंगणात. रुग्णालयाच्या वहीत ते कधीच आले नसते. पण या पद्धतीला एक गोष्ट साधत नाही: साप कोणता, हे ती सांगू शकत नाही.

म्हणून आज आपल्यापुढे संशोधनाचे दोन प्रवाह आहेत आणि ते एकमेकांना भेटत नाहीत. एकाला मेलेली माणसे माहीत आहेत, साप माहीत नाही. दुसऱ्याला सापाच्या विषाचा एकेक घटक माहीत आहे, पण त्या विषाने कोण आजारी पडले ते माहीत नाही. मधली जागा रुग्णालयातल्या खाटेची. ती जागा भरून काढणारे काम महाराष्ट्रात झाले आहे, आणि तेही महानगरापासून दूर. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्यांचे निरीक्षण ग्रामीण रुग्णालयातले होते. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर, मण्यार आणि नागाच्या दंशांवरही निबंध लिहिले. कोणत्या सापाने कोणती लक्षणे किती वेळात आली, काय दिल्याने काय झाले, हे त्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन व बाल आरोग्य संस्थेने पालघरच्या डहाणू तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांचे सर्पदंशाविषयीचे ज्ञान तपासले, आणि पुढच्या प्रकल्पासाठी ठाण्यातल्या शहापुराबरोबर गडचिरोलीतले अहेरी निवडले. झाडीपट्टीच्या इतक्या जवळ हे काम आले, ही चांगली गोष्ट आहे. अशा निबंधांना परदेशी नियतकालिकांत विष-घटकांच्या निबंधांइतकी चमक नसते. माझ्या मते त्यांचे वजन अधिक आहे.

टीकेची जबाबदारी

इथवर वाचणाऱ्याच्या मनात एक वाक्य तयार झाले असेल: ‘म्हणजे सापाची लस चालत नाही तर!’ हे वाक्य चुकीचे आहे आणि जीवघेणे आहे.

आपल्या मराठी सर्पलेखनाचा इतिहास पाहिला, तर ते मुख्यतः भीती आणि अंधश्रद्धा यांच्याशी लढत आले. हाफकिन संस्थेत काम केलेल्या पी. जे. देवरसांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ १९६५ मध्ये आले ते इंग्रजीत, पण त्यातली माहिती पुढच्या मराठी लेखकांपर्यंत झिरपली. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, आणि साप विनाकारण चावत नाही हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक घराला कळले. त्यानंतरच्या पुस्तकांनी, व्याख्यानांनी, नागपंचमीच्या कार्यक्रमांनी लोकांना साप ओळखायला आणि न मारायला शिकवले. मंत्राने विष उतरत नाही हे सांगितले. या साऱ्या लेखनाचे शेवटचे वाक्य एकच असे: दवाखान्यात जा, तिथे औषध आहे. ते वाक्य लोकांपर्यंत पोचवायला दोन पिढ्या लागल्या. त्या औषधाच्या कुपीत डोकावण्याचे काम त्यात राहून गेले, कारण डोकावणे म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे मांत्रिकाचा फायदा, असे प्रत्येकाला वाटत असावे.

ती भीती मला मान्य आहे, तिच्यामुळे गप्प बसणे मान्य नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ज्याला साप चावला त्याच्यासाठी आज हातात असलेले प्रतिविष हाच एकमेव खरा उपाय आहे. ते घोणशीच्या विषावर काम करते, नागाच्या विषावर काम करते, आणि जितके लवकर मिळेल तितके अधिक करते. शंका घ्यायची ती ते बनवणाऱ्या, तपासणाऱ्या आणि पुरवणाऱ्या व्यवस्थेच्या संदर्भात. कुपीची ताकद कमी पडत असेल, तर त्याचे उत्तर मात्रा, देखरेख आणि वेळ. रक्त वीस मिनिटांत गोठते का हे पाहायला काचेची एक स्वच्छ नळी पुरते. मण्यारच्या रुग्णाला श्वासयंत्र लागते. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तोवर गंभीर रुग्णासाठी नाव घेतले जाई ते रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपूरचे. देवरी किंवा सालेकसाच्या आतल्या गावातून गोंदियाही जवळ नाही. प्रतिविष कितीही सुधारले, तरी हा रस्ता प्रयोगशाळेत छोटा होणार नाही. प्रतिविषाच्या दर्जावरच सगळा दोष टाकणारी टीका अपुरी आहे, ती एवढ्यासाठी.

हीच सावधगिरी नव्या आशांच्या बाबतीतही हवी. घोड्याशिवाय बनवलेली प्रतिपिंडे, संगणकावर आखलेली प्रथिने, तोंडाने घ्यायच्या गोळ्या यांच्या बातम्या गेल्या दोन-तीन वर्षांत वारंवार आल्या. त्यातले लक्षवेधी यश बहुतांशी नाग-मण्यार कुळातल्या विषांवरचे आहे. घोणशीचे विष अनेक घटकांनी रक्त, मूत्रपिंडे आणि ऊती यांवर एकदम हल्ला करते. तिच्यासाठी हा मार्ग अजून लांबचा आहे. वरेस्प्लॅडिब या गोळीची चाचणी भारत आणि अमेरिकेत झाली. तिचे मुख्य उद्दिष्ट साधले गेले नाही. संशोधन सोडून देण्याचे हे कारण नव्हे. पण येत्या खरिपात रोवणी करणाऱ्या बाईला उपयोगी पडेल ते घोड्याच्या रक्तातलेच औषध, हे विसरून चालणार नाही.

पत्ता लिहायचा कसा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. भारताने मार्च २०२४ मध्ये आपला राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवण्यास सांगितले. एकोणिसाव्या शतकात कोकणात मेलेल्या फुरशांवर सरकारी बक्षीस होते आणि त्या फुरशांची मोजदाद होई. आता चावलेल्या माणसांची मोजदाद होणार आहे. संशोधनाच्या दृष्टीने ही संधी आहे, जर नोंदीचे रकाने नीट ठरले तर.

सर्पदंशाच्या प्रत्येक नोंदीत गाव, वेळ, दंश शेतात की घरात, सूज, पापण्या, वीस मिनिटांच्या चाचणीचा निकाल, किती कुप्या लागल्या, आणि शक्य असेल तर सापाचे छायाचित्र एवढे असावे. साप मारून आणायची गरज नाही. फोन आता प्रत्येक घरात आहे. पाच वर्षे अशा नोंदी नीट ठेवल्या, तर घोणशीच्या रुग्णाला झाडीपट्टीत किती कुप्या लागतात, हे म्यानमारच्या आकड्यावरून न काढता सांगता येईल. दुसरे, सर्पमित्र गावोगावचे साप पकडून रानात सोडतातच. वन विभागाच्या परवानगीने, प्रशिक्षित पथकाच्या हातून, त्यातल्या काही सापांचे विष घेऊन तालुक्याच्या नावासह तपासायला पाठवता येईल. सर्पमित्रांनी स्वतः विष काढण्याच्या फंदात पडू नये, हेही त्यासोबत बजावले पाहिजे. तिसरे, प्रतिविषाच्या प्रत्येक कुपीच्या माहितीपत्रकात घटकविष कोणत्या जिल्ह्यांतल्या सापांचे आहे ते छापावे. तांदळाच्या पोत्यावर गिरणीचे नाव असते. शिरेतून शरीरात जाणाऱ्या औषधावर त्याच्या मूळ द्रव्याचा पत्ता असावा, ही मागणी अवाजवी नाही.

परळच्या प्रयोगशाळेत लॅम यांनी दोन सापांची विषे वेगळी मानली, म्हणून घोणस चावलेल्या माणसाला नुसते नागाचे प्रतिविष देऊन उपचार झाला असे समजणे बंद झाले. आता एकाच सापाचे दोन मुलूख वेगळे मानायचे आहेत. काम त्याच जातीचे आहे, आणि ते करायला लागणारी माणसे, महाविद्यालय, नोंदवही आणि साप, सगळे गोंदिया जिल्ह्यातच आहे.